पाण्याचा उल्लेख नको

साहेब, तुम्ही जिवंत माणसाला मारलंत, आणि दुपारी गपचूप पुसून टाकलंत.

सकाळी तुमच्या पेजवर काळी चौकट आली. आत आत्मारामदादांचा फोटो, खाली 'वसईतील पक्षाचा आधारवड कोसळला'. दुपारी चौकट गायब. माफी नाही, खुलासा नाही. जणू उमेळ्यात त्या दिवशी कुणी रडलंच नाही.

तुम्ही म्हणाल, माझ्यापर्यंत आलंच नाही, खालच्या लोकांनी घोळ घातला. तर मी त्याच खालच्या लोकांपैकी आहे. माझं नाव बर्नार्ड. स्टेशनजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दहावी नापास. वसईतल्या आपल्या पक्षाचे सगळे वाढदिवस, सगळ्या नियुक्त्या आणि सगळ्या श्रद्धांजल्या माझ्या मशीनमधून बाहेर पडतात. मजकूरही मीच लिहितो, कारण आपल्या पुढाऱ्यांना 'हार्दिक'च्या पुढे काही सुचत नाही. त्यामुळे हा मेलेला जिवंत माणूस माझ्याच मशीनमधून निघाला, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

दादा कोण, हे तुम्हाला माहीत असायला हवं. तरी सांगतो. आपला पक्ष वसईत जन्मापासून विरोधात. सत्ता कधी बघितली नाही, आणि दादा त्या सत्ता नसलेल्या पक्षाचे शहराध्यक्ष. म्हणजे खुर्ची कसली, प्लास्टिकची, ती पण मंडपवाल्याची. उमेळ्याला त्यांची केळीची वाडी होती. आता तिच्या चारी अंगाला बिल्डिंगी आहेत आणि मध्ये दादांचं घर, ओटी आणि जरासा भाजीचा मळा उरलाय. बिल्डिंगी आल्या, नळ आले, नळाला पाणी आलं नाही. टँकर आले. टँकर सत्तेवाल्यांच्याच माणसांचे, ते वसईत शेंबडं पोरगंही सांगेल. दादा आयुष्यभर एकच बोलत आले, 'आधी पानी, मग मत.' लोक हसायचे, दादांची कॅसेट अडकली म्हणायचे. पण या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी बायकांचा हंडा मोर्चा ठरवला, तेव्हा गावातल्या आणि बिल्डिंगीतल्या बायका पहिल्यांदा एका ओटीवर येऊन बसल्या. तेव्हा कुणी हसलं नाही.

आणि मग दादा वालाच्या मळ्यात पडले. झटका आला. दवाखान्यात नळ्या लावल्या.

इथून पुढचं मला लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

दादांच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता. एक त्यांचा सख्खा पुतण्या हरेश. गावची मतं त्याच्याकडे. दुसरा सुमेध. तो मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो, सोसायट्यांच्या फेडरेशनचा चेअरमन, फ्लॅटवाल्यांची मतं त्याच्याकडे. दोघांनाही तुम्ही 'तुझंच नाव फायनल' म्हणून सांगितलं होतंत. मला कसं माहीत? दोघांनीही माझ्याच दुकानात, माझ्याच कानात सांगितलं, 'कुणाला बोलू नकोस, साहेबांनी शब्द दिलाय.'

आमच्याकडे एक रीत पडलीय. कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना कळते. मोठा माणूस गेला की नाक्यावर ज्याचा फ्लेक्स पहिला लागतो, तो वारस. पूर्वी खांदा पहिला कुणी दिला ते बघायचे. आता खांद्याला कोण विचारतं?

हरेश पहिला आला. काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला, बराच वेळ मशीनकडे बघत.

"एक डिझाइन करून ठेव."

"कसलं?"

"काकांचं."

"काका आहेत ना अजून?"

"आहेत रे. लावायचं कोण म्हणतंय? नुसतं तयार. तू काय मला हलकट समजतोस?"

मी ऑर्डर लिहून घेतली. त्याला तेवढंच हवं होतं.

मग सुमेध आला. कपाळावर गॉगल, आवाज एकदम हळू, जसा काही दवाखाना माझ्या दुकानातच आहे.

"बर्नार्ड, प्रॅक्टिकल बोलतो, राग मानू नकोस. ऐनवेळी धावपळ नको. डिझाइन सोबर पाहिजे. हरेशच्यासारखं भडक नको."

"हरेशचं तू कधी बघितलंस?"

त्याने गॉगल काढला. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"म्हणजे त्याने ऑलरेडी दिलंय?"

मी मशीनकडे वळलो.

"मग माझं मोठं कर," सुमेध म्हणाला. "सोबर, पण मोठं."

मी नाही म्हणू शकलो असतो. आमच्यात, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती गावांत, माणूस गेला की चर्चची घंटा वाजते. ती वाजेपर्यंत कुणी 'गेला' हा शब्द तोंडातून काढत नाही, मग डॉक्टरने काहीही सांगू दे. माझी आई तर घरात कुणी आजारी असलं की दुखवट्याचा काळा कपडा कपाटातून हलवायची नाही. आणि मी, तिचा मुलगा, दादा श्वास घेत असताना त्यांच्या मरणाचा मजकूर लिहीत बसलो. धंदा आहे म्हटलं. मनाला समजवायला हा शब्द फार बरा पडतो.

मजकूर दोघांना जवळजवळ एकच लिहिला. फक्त नावं आणि फोटो वेगळे. दोन्हीवर मधली ओळ मोठ्या अक्षरात: 'पाण्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस'. दादांबद्दल याच्याहून खरी ओळ मला येत नव्हती.

आता तुमचा नियम. तुमचा फोटो असेल तर फ्लेक्स तुमच्या ऑफिसला पाठवायचा, ओके आल्याशिवाय छापायचा नाही. चुकीच्या माणसाशेजारी तुमचा फोटो जायला नको म्हणून. मी दोन्ही डिझाइनं पाठवली. श्रद्धांजलीची डिझाइनं, साहेब. दादा दवाखान्यात असताना. ऑफिसातून उत्तर आलं, 'साहेबांचा फोटो मोठा करा.' केला. परत पाठवलं. उत्तर आलं, 'पाण्याचा उल्लेख नको.' मला वाटलं जागा कमी पडतेय. मी लिहिलं, ओळ लहान करतो. उत्तर आलं, 'लहान नको. काढा.' काढली. त्या जागी 'लोकनेता' टाकलं. मग 'ओके' आलं. दोन्हीवर तेच. दोन्हीवर.

हरेशने बघितलं, सुमेधने बघितलं. दोघांनीही आधी आपला फोटो दादांपासून किती लांब आहे ते बघितलं. ओळ गेली हे दोघांना कळलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

दोन्ही फ्लेक्स गुंडाळून दुकानाच्या कोपऱ्यात उभे केले. गिऱ्हाईक आलं की मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचो.

दादांनी मात्र ऐकलं नाही कुणाचं. नळी निघाली, डोळे उघडले. सकाळी त्यांना स्कॅनसाठी खाली नेलं. त्याच वेळी सुमेधचा माणूस वर 'बघून यायला' गेला. बेड रिकामा, सिस्टर चादर बदलतेय. त्याने बाहेर येऊन मेसेज टाकला, 'बेड खाली.' सिस्टरला एक शब्द विचारावा, तर नाही. सुमेधने मेसेज वाचला आणि म्हणाला, "लावा."

उमेळे नाक्यावर सुमेधचा फ्लेक्स चढला. हरेश तिथून जात होता. सख्खा पुतण्या. त्याने काकीला फोन करायचा की नाही? त्याने मला फोन केला.

"माझा पाठव. आत्ता. त्याच्या वर लागला पाहिजे."

"काकीला विचारलंस?"

"फोन करायला वेळ आहे का आता?"

मी पाठवला. मीही काकीला फोन केला नाही, हे पण लिहून ठेवतो.

मग दोन्हीचे फोटो तुमच्या ऑफिसला गेले आणि तुमची काळी चौकट आली. गावाला पक्कं वाटलं. दादांच्या शेजारी जिजा राहते, शेळ्या पाळते. तिने पेटलेल्या चुलीवर पाणी ओतलं, कारण शेजारी मयत असताना चूल पेटवत नाहीत. बायका अंगणात जमल्या. जयवंतीकाकू, म्हणजे दादांची बायको, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या बहिणीचा फोन आला, हंबरडा फोडलेला. काकूंच्या हातात चमचा होता. त्या म्हणाल्या, "गप गं. पानी पितायत ते."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा हरेश आणि सुमेध दोघेही पॅसेजमध्ये होते. अंत्यदर्शनाला म्हणून निघालेले आणि वाटेत खरं कळलेलं. हरेशच्या हातात पांढऱ्या फुलांचा हार, पाठीमागे लपवलेला. सुमेधच्या माणसाने पुष्पचक्र लिफ्टच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

"तुझा आधी लागला," हरेश दातांतल्या दातांत म्हणाला.

"मला रॉंग इन्फर्मेशन होती. तू तर घरचा आहेस. तू कन्फर्म का नाही केलंस?"

"तुझा बघून लावला मी."

"म्हणजे काका मेले की नाही, हे तू माझ्या फ्लेक्सवरून ठरवतोस?"

काकू बाहेर आल्या. त्यांनी आधी हरेशच्या पाठीमागून खाली लोंबणारी फुलं बघितली.

"हार आनलास? घाल जा. गळा हाय अजून."

"काकी, चूक यांच्या माणसाची..."

"काकू, मी मनापासून सॉरी..."

"हळू बोला. आत झोपलेत." काकू माझ्याकडे वळल्या. "छापलंस तू ना, बर्नार्ड?"

मी मान खाली घातली. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टर बोललाय, धक्का नको. त्यांना यातलं काय पन कळता कामा नये. आपल्याच मानसांनी जिवंतपनी तिरडी बांधली, हे कळलं तर तो मानूस वाचायचा नाय. सगळं उतरवा. आनि तोंड बंद ठेवा, जसं एरवी ठेवता तसं."

आम्ही तिघांनी कबूल केलं. फ्लेक्स उतरवले. तुमची चौकट पुसली गेली. रविवारच्या सभेला तुम्ही येणार आणि नवा शहराध्यक्ष जाहीर करणार, हे मात्र पुसलं गेलं नाही. दादांची तब्येत बघता, असं कारण दिलंत. तब्येत बघायला तुमच्याकडून कुणी आलं नव्हतं.

दादा घरी आले. मी भेटायला गेलो. ओटीवर आरामखुर्चीत बसवलं होतं. डावा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण नजर तीच. मी स्टुलावर बसलो, वालाचं काय, शेळ्यांचं काय, असं काहीबाही बोलत होतो. दादा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"बर्नार. तो मी ना?"

मी वळून बघितलं. जिजाच्या गोठ्याच्या छपरावर दादा होते. फ्लेक्समधले. गळ्यात छापलेला हार, बाजूला समई, वर तुम्ही. हरेशच्या पोरांनी नाक्यावरून उतरवून गटाराकडेला टाकलेला, तो जिजाने उचलून आणला होता.

काकू आतून धावत आल्या. "जिजा! अगं ए जिजा!"

"काय वो वयनी?" जिजा गोठ्यातून डोकावली. "फेकून दिलेला. चांगला दनकट कपडा हाय, पानी निथळतं."

"अगं, वाचलंस का काय लिवलंय त्याच्यावर?"

"मला कुठं वाचता येतंय? आनि माज्या शेळ्या काय वाचत नाय. दादांचा फोटो हाय म्हनून वर घातला. खाली नाय अंथरला."

दादा हसले. अर्ध्या तोंडाने. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि दादा हसत होते, आणि मला जमीन फाटेल तर बरं असं झालं.

"वाच," दादा म्हणाले.

"राहू द्या ना, दादा."

"अक्षरं हलतात माजी. तू वाच. तुजंच हाय ना लिवलेलं?"

काकूंनी मला डोळ्यांनी नको म्हटलं. पण नाही कसं म्हणायचं? मी वाचलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली. लोकनेते, शहराध्यक्ष, आधारवड.' माझा स्वतःचा मजकूर, ज्याच्यावर लिहिला त्याच्याचपुढे. असं वाचन माझ्या वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

"वरती कोन हाय?"

"साहेब."

"मेलो मी आनि मोठा फोटो त्याचा?"

जिजा खो खो हसली. काकूंनी तिच्याकडे बघितल्यावर गोठ्यात शिरली.

"माज्या बाजूला?"

"हरेश."

"बरोबर हाय, पुतन्या हाय. असाच दुसरा पन असंल. सुमेधचा."

दादांनी मान हलवली. जन्मभर राजकारण केलेला माणूस. फ्लेक्सवरच्या फोटोंच्या जागा बघूनच कोण कुठे बसलाय ते त्यांना कळतं. काकूंना ज्या धक्क्याची भीती होती, तो त्यांना बसलाच नव्हता. आपल्या माणसांनी मारलं, हे त्यांनी पचवलं. मग ते थांबले. छपराकडे बघत राहिले.

"पान्याचं कुठाय?"

"दादा..."

"तू लिवलंस आनि पानी नाय लिवलंस?" त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "बर्नार, मग तू मला वळखलंसच नाय."

काकू पुन्हा नको म्हणत होत्या. डॉक्टर, धक्का, सगळं मला आठवत होतं. पण हा माणूस आता हे मनात घेऊन बसला असता, की त्याची एकुलती एक गोष्ट त्याच्या माणसांनाही आठवली नाही. ते मला सोसलं नाही. मी फोन काढून ऑफिसचा मेसेज उघडला.

"लिहिलं होतं, दादा. मधोमध लिहिलं होतं. काढायला लावलं."

"कोनी?"

"साहेबांच्या ऑफिसने."

"दोन्हीवरनं?"

"दोन्हीवरनं."

दादांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, काकू म्हणाल्या तसं होतंय. पण ते विचार करत होते.

"म्हंजे सौदा झाला," ते म्हणाले. "टँकरवाल्यांबरोबर. निवडनुकीत काय जागा आपले सोडनार, काय जागा ते सोडनार. मला विचारलेलं मागं. मी नाय बोल्लो. पान्यावर गप बसायचं, येवडीच अट होती. आता हरेश बसू दे नायतर सुमेध. फरक काय? पानी काढलेल्या फ्लेक्सवर दोगांनी पन आपला फोटो लावलाय. सही केल्यासारखंच झालं ते."

मी इतके दिवस तो मेसेज फोनमध्ये घेऊन फिरत होतो. मला वाटलं होतं, जागा कमी पडली असेल.

तेवढ्यात फाटकातून हरेश आला. हातात शहाळी. त्याला गोठ्याचं छप्पर दिसलं आणि तो जागच्या जागी थांबला.

"ये," दादा म्हणाले. "तुज्याखाली शेळ्या बऱ्या हायत."

"काका, ते... सुमेधने आधी..."

"ते ऱ्हाऊ दे. पानी खोडलं तेवा तू काय बोल्लास?"

हरेशने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची चोरी पकडून दिलीय. मग म्हणाला, "साहेबांनी शब्द दिला होता, काका. मला वाटलं, तुम्ही गेल्यावर आता भांडायचं कुणासाठी?"

"तुजी आय विहिरीवरनं हंडे वाहून वाकली. तिच्यासाठी."

हरेशने शहाळी ओटीच्या कडेला ठेवली. एक घरंगळत अंगणात गेलं, ते उचलायलाही तो वाकला नाही. गेला. त्याची आई दोन घरं सोडून राहते, तिला भेटायलाही वळला नाही. सुमेधला मी फोन केला, तर म्हणाला, "बर्नार्ड, मोठ्या पिक्चरमध्ये बघ." मी म्हटलं, मोठा पिक्चर मीच छापला, तुझ्याच ऑर्डरने.

साहेब, दादा रविवारच्या सभेला येणार आहेत. काकू नाही म्हणाल्या, डॉक्टर नाही म्हणाले, दादांनी कुणाचंच ऐकलं नाही. चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत, तुमच्या बरोबर समोर. बोलायला त्यांना त्रास होतो, म्हणून जास्त काही बोलणार नाहीत. जिजा येणार आहे, हंडा घेऊन. ओटीवर जमलेल्या बायका येणार आहेत, रिकामे हंडे घेऊन. मी एक फ्लेक्स छापलाय, तो मंडपाच्या दारात लागेल. त्याच्यावर तुमचा फोटो नाही, म्हणून तुमच्या ऑफिसची ओके लागत नाही. हरेशचा नाही, सुमेधचा नाही. दादांचाही नाही, ते स्वतःच हजर असणार आहेत. नुसता मजकूर आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो लिहिताना लाज वाटली नाही.

तुमचं ऑफिस फार बारकाईने वाचतं, साहेब. इतक्या बारकाईने की श्रद्धांजलीतला एक शब्द त्यांना खुपला आणि त्यांनी दोनदा सांगून तो काढायला लावला. पण ज्याची श्रद्धांजली, तो माणूस मेलाय का, हे एकदाही विचारलं नाही. खालच्यांनी केलं, माहीत नव्हतं, चौकशी करतो, हे आम्ही ऐकलंय, ते नको. खुर्ची कुणाला द्यायची ती द्या. त्याच्या आधी, माइक हातात घेतल्याबरोबर, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून एवढंच सांगा: पाणी हा शब्द कुणी खोडला, आणि कुणासाठी?